यंत्रावरच्या मुलालाही खेळू द्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या मुंबईतील एका रुग्णालयाच्या मूत्रपिंड विभागात पस्तीस वर्षे परिचारिका होत्या.)



आज मंडळाचा वर्धापनदिन. गाणी झाली, पेढे वाटून झाले, आणि आता मी दुखण्याचा विषय काढणार. तेव्हा मागच्या रांगेत कोणी हळूच चपला शोधू लागल्या तर मी रागावणार नाही. पण विषय आपल्याच आळीतला आहे, आणि त्यात मला एक कबुलीही द्यावयाची आहे. ती इथेच दिली पाहिजे, कारण चूक घडली ती मंडळाच्याच कार्यक्रमात.

गेल्या वर्षीच्या बालमेळाव्यात लिंबू-चमच्याच्या शर्यतीसाठी मुले रांगेत उभी होती. त्यांत आपल्या आळीतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता. अंगाने जेमतेम आठ वर्षांचा वाटतो. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस त्याला डायलिसिससाठी मुंबईस न्यावे लागते, हे आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. त्याच्या आईला विचारूनच मी आज हे सांगत आहे. त्या इथे बसल्याही आहेत. तर त्याला रांगेत पाहिले मात्र, आणि मी पुढे होऊन त्याचा हात धरून त्याला बाहेर काढले. हात धरला तोही उजवा, कारण डाव्या हातात त्याचा फिस्टुला आहे, एवढे भान माझ्यातील परिचारिकेला होते. त्याला बक्षिसांच्या टेबलाशेजारी खुर्चीवर बसविले, “तू आमचा पंच,” असे सांगितले आणि शेवटी सर्वांच्या देखत एक कंपासपेटी त्याच्या हाती दिली. तुम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मलाही फार बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना ती कंपासपेटी खुर्चीवरच सापडली. मी ती घेऊन त्याच्या घरी गेले. त्याची आई दारातच म्हणाली, “सिस्टर, तो घेत नाही म्हणतो. विचारतो, मी धावलोच नाही, मग बक्षीस कशाचं?”

मैत्रिणींनो, पस्तीस वर्षे मी या आजाराच्या मुलांत काढली. हजारो वेळा सुई टोचली, रात्री जागविल्या. पण हा प्रश्न मला कोणा मुलाने विचारला नव्हता, किंवा विचारला असेल तर मी ऐकला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या डायलिसिसच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर मुंबईस गेले आणि त्याच्या डॉक्टरांना विचारले, “याला धावू द्यावे काय?” डॉक्टरांनी उलट मलाच विचारले, “का धावू देऊ नये, ते सांगा.” मी कारणे सांगू लागले आणि त्यांतली निम्मी सांगतासांगताच गळून पडली. उरलेल्या निम्म्यांविषयीच आज बोलावयाचे आहे.

आधी आजाराविषयी थोडे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. त्या रक्तातील घाण आणि जादा पाणी गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्तदाब सांभाळतात, हाडे बळकट ठेवण्यास आणि तांबड्या पेशी तयार होण्यासही मदत करतात. मोठ्या माणसांत मधुमेहाने आणि रक्तदाबाने त्या बिघडतात. मुलांत बहुधा जन्मजात दोष असतो. लघवीच्या मार्गात अडथळा असतो, किंवा मूत्रपिंडाची वाढच नीट झालेली नसते. (तान्ह्या मुलग्याची लघवीची धार बारीक, थेंबथेंब होत असेल तर “मोठा झाला की सुधारेल” म्हणून थांबू नका, एवढे जाताजाता सांगून ठेवते.)

मूत्रपिंडे पुरती थकली की त्यांचे काम बाहेरून करावे लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एकात रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातील गाळणीतून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. दुसऱ्यात पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचे, काही तासांनी काढायचे. हे घरी करता येते, रात्री झोपेत लहान यंत्रानेही होते. लहान मुलांना हा पोटाचा मार्ग पुष्कळदा सोयीचा पडतो.

जुन्या बायकांना आठवत असेल, डायलिसिस हा शब्द आपल्या घरांत शिरला तो जयप्रकाश नारायणांमुळे. १९७५ साली तुरुंगात असताना त्यांची मूत्रपिंडे बिघडली आणि मग मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. वर्तमानपत्रांत रोज बातमी असे. पण त्या बातम्यांतली एक गोष्ट आपण विसरलो. हाच गृहस्थ १९७७ च्या निवडणुकीत, सत्तरी उलटलेली असताना, डायलिसिसवर राहून देशभर सभा घेत हिंडला. आपल्या मनात मात्र राहिला तो खाटेवर पडलेला आजारी माणूस.

मी १९८४ साली नोकरीस लागले तेव्हा आम्हांला शिकविलेही तसेच होते. मूल डायलिसिसवर आहे ना, मग त्याला विश्रांती. आयांना आम्ही सांगत असू, दगदग होऊ देऊ नका. त्या काळी ते अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. मूत्रपिंडे बिघडली की रक्त वाढविणारे एक द्रव्य शरीरात तयार होत नाही. ते द्रव्य, एरिथ्रोपोएटिन, औषध म्हणून वापरण्यास अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली; आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास त्यानंतरही वेळ लागला. तोवर आमच्या मुलांचे हिमोग्लोबिन पाच-सहावर असे. जिना चढताना ओठ पांढरे पडत. अशा मुलाला खेळ काय सांगणार? पण आता इंजेक्शने आहेत, हिमोग्लोबिन दहा-अकरापर्यंत ठेवता येते, यंत्रे सुधारली आहेत. उपचार बदलले, आणि आम्ही सल्ला मात्र जुनाच देत राहिलो.

बसून राहण्याने काय होते ते पाहा. आमच्या या मुलाचाच हिशेब मांडते. पनवेलहून हार्बरची गाडी धरायची, कुर्ल्याला बदलायची, पुढे रुग्णालयापर्यंत जायचे. जाण्यायेण्याचे चार तास आणि यंत्राचे चार. आठवड्यातून तीनदा म्हणजे चोवीस तास. हे सगळे बसून किंवा पडून. आल्यावर थकून झोप. शाळेचे तीन दिवस बुडाले, म्हणजे मधल्या सुट्टीतील धावपळही बुडाली. उरलेल्या दिवशी घरचे म्हणणार, “दमला असेल, पडू दे.” मग मांड्या वाळतात, जिना जड होतो. जिना जड झाला म्हणून मूल आणखी बसते आणि बसले म्हणून आणखी वाळते. आजाराने रक्तातील आम्लता वाढते, भूक मरते, त्यानेही स्नायू झिजतात. त्यांवर आपण आपल्या मायेने आणखी भर घालतो. मोबाईल हातात दिला की काम संपले.

शिवाय हे मूल कायम डायलिसिसवर राहावे असे कोणालाच वाटत नाही. सर्वांची नजर असते मूत्रपिंडरोपणाकडे. त्या शस्त्रक्रियेला सामोरे जावयाचे तर अंगात ताकद पाहिजे. पायांत जीव नसलेले मूल आणि रोज थोडे चालणारे मूल यांच्यात शस्त्रक्रियेनंतर उठून बसण्यात किती फरक पडतो, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांच्या हालचालीविषयी जे सांगितले ते असे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही त्यांनी हाच आकडा ठेवला आहे. डायलिसिसच्या मुलांपुढेही मुक्काम हाच, फक्त वाट हळूहळू चालायची. आमच्या मुलाने पाच मिनिटांपासून सुरुवात केली. अमेरिकेत २००९ साली मुलांना यंत्रावर असतानाच आठवड्यातून दोनदा व्यायाम देऊन पाहिल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. मुले थोडी होती, म्हणून मी तिचा डंका पिटत नाही. मोठ्या माणसांवर मात्र जर्मनीत मोठा प्रयोग झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. शेकडो रुग्णांनी वर्षभर डायलिसिस चालू असताना पायांनी पेडल मारले, हलके व्यायाम केले, आणि खुर्चीवरून उठबस करण्याची त्यांची ताकद वाढली. खुर्चीवरून उठबस! यात महागडे काय आहे? खुर्ची आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे.

आता डॉक्टरांनी मला आणि त्याच्या आईला जे सांगितले, ते माझ्या अनुभवाची जोड देऊन सांगते. पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाचे पथ्य वेगळे असते. तेव्हा माझे ऐकून कोणी आपल्या मुलाला उद्याच पळवू नका. त्याच्या डॉक्टरांना विचारा. पण विचारताना “खेळला तर चालेल का?” असे भीत भीत विचारू नका. “कोणते खेळ चालतील आणि किती?” असे विचारा. डॉक्टर घाईत असतात. पहिल्या प्रश्नाला “जपून” एवढेच उत्तर मिळते.

ज्याच्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे शीर आणि रोहिणी जोडून सुईसाठी जागा केली आहे, त्याचा तो हात म्हणजे त्याचे जीवन. त्या हाताने जड ओझे उचलायचे नाही, त्यावर झोपायचे नाही, घट्ट बांगडी-घड्याळ नको, रक्तदाबाचा पट्टा त्या हाताला बांधू द्यायचा नाही. कबड्डी, कुस्ती, जिथे अंगावर अंग पडते ते खेळ नकोत. लेदरचा चेंडू नको. पण चालणे, सायकल, बॅडमिंटन (दुसऱ्या हाताने), लंगडी, रबरी चेंडूचे क्रिकेट, हे चालते. फिस्टुलाची जखम भरल्यावर डॉक्टरच मऊ रबरी चेंडू दाबायला सांगतात, म्हणजे शिरा भरतात. फिस्टुलावर बोट ठेवले की मांजर घुरघुरल्यासारखे लागते. रोज सकाळी ते तपासायचे. घुरघुर लागली नाही तर खेळ राहू दे, तडक रुग्णालय. चुकून मार लागून रक्त आले तर घाबरून पदराने नुसते पुसत बसू नका. स्वच्छ कापडाने त्या जागी बोटाने घट्ट दाबा, हात वर धरा आणि दाबलेल्या स्थितीतच घेऊन जा.

ज्याच्या मानेजवळ नळी आहे त्याला ओढाताणीचे खेळ नकोत आणि पाण्यात उतरणे मुळीच नको. पट्टी घामाने भिजली तरी बदलावी लागते. पोटात नळी असलेल्या मुलाला पोटावर मार बसेल असे काही नको, जड उचलणे नको, पोटाला ताण देणारे व्यायामही नकोत, कारण आत पाणी असताना हर्निया होण्याची भीती असते. खेळताना पोट रिकामे असावे की नाही, हेही विचारून घ्यावे. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे पाऊस लागला की पनवेलची पोरे गाढी नदीत, ओढ्यात, तळ्यात उड्या मारावयास धावतात. नळीवाल्या मुलाला हे पाणी वर्ज्य. नळीच्या तोंडाशी जंतू शिरले तर पोटात विकार होतो, बाहेर येणारे पाणी गढूळ दिसते, आणि मग प्राणाशी गाठ असते.

आमच्या घरांतील वडीलधारे लगेच सूर्यनमस्कार सुचवितात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला त्याचा मलाही अभिमान आहे. पण ज्या मुलाच्या पोटात नळी आहे त्याला पालथे निजविणे बरे नाही, आणि फिस्टुलाच्या हातावर सगळ्या अंगाचा भार टाकणेही विचारल्याशिवाय करू नये. त्यापेक्षा ती खुर्चीवरची उठबस, भिंतीला पाठ लावून उभे राहणे, टाचा उचलणे, दोन जिने चढणे हेच बरे.

आणि आता आपल्या हातातला विषय. मंगळागौरीचे खेळ आपल्या मंडळाइतके आळीत कोणाला येतात? मी एका संध्याकाळी त्या मुलाला आणि त्याच्या बहिणीला घेऊन बसले आणि एकेक खेळ तपासला. झिम्मा उत्तम, ताल आहे, पाय हलतात, दम बेताने लागतो. पिंगाही चालतो. साधी फुगडी नको, कारण हात धरून मागे झुकले की सगळा ताण मनगटावर येतो, आणि सुटला की मूल आपटते. बसफुगडी तर गुडघ्यांची परीक्षाच, आणि या मुलांची हाडे आधीच कच्ची असतात. गाठोडे हा खेळ पोटात नळी असलेल्याने कधीच खेळू नये. सूप किंवा लाटणे घेऊन नाचणे छान, पण सूप उजव्या हातात. मुलगा आधी म्हणाला, “हे बायकांचे खेळ.” मग बहिणीला हरवू लागला तेव्हा ती तक्रार बंद झाली.

वेळ कोणती? यंत्रावरून उतरल्यावर मूल गळून गेलेले असते. त्या संध्याकाळी आग्रह नको. मधला दिवस उत्तम. यंत्रावर असतानाच पाय हलवायचे असतील तर पहिल्या दोन तासांत. पुढे पाणी निघून गेल्याने रक्तदाब उतरतो. किती? मुलाला खेळताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम पुरे. बोलताही येईना तर थांबवा. छातीत दुखले, चक्कर आली, पायांत गोळे आले तरी थांबवा. ताप असेल, चेहरा-पाय सुजले असतील, दोन डायलिसिसमध्ये वजन फार वाढले असेल, रक्तदाब चढा असेल, तर त्या दिवशी खेळ नाही. एक गोष्ट आया हटकून दुर्लक्षितात. मूल लंगडू लागले, कमरेत किंवा गुडघ्यात दुखते म्हणू लागले, तर “खेळताना मुरगळले असेल” म्हणून तेल चोळत बसू नका. या आजारात मांडीच्या हाडाचे टोक सरकण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इथे मी शेजारणींना थोडी रागे भरणार आहे. या मुलाला तुम्ही रस्त्यात पाहता आणि तुमचा जीव कळवळतो. मग कोणी त्याच्या हातात केळे ठेवते, कोणी शहाळे फोडून देते, “खेळून दमलास, घे बाळा.” बायांनो, निरोगी मुलाला जे अमृत ते याला विष आहे. केळ्यात, नारळपाण्यात, मोसंबीच्या रसात पोटॅशियम भरपूर असते. आपली मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात, त्याची टाकीत नाहीत. ते रक्तात साठले तर हृदय बंद पडू शकते, आणि कित्येकदा आधी काही कळतही नाही. खेळाडूंसाठी मिळणारी क्षारांची पाकिटेही नकोत. घामामुळे तहान लागते, आणि पाणी तर मोजून द्यावयाचे! आपल्याकडची दमट हवा पाहता तो सकाळी साडेसात वाजण्याच्या आत किंवा ऊन कलल्यावरच खेळतो. तहान लागली की चूळ भरायची किंवा बर्फाचा एक लहान खडा चघळायचा. तो खडाही दिवसाच्या पाण्यात धरायचा. मुख्य म्हणजे जेवणात मीठ कमी. पापड, लोणचे, सुकट, सुके बोंबील यांनी तहान भडकते. तेव्हा त्याला काही द्यावेसेच वाटले तर चेंडू टाका त्याच्याकडे.

त्याच्या आईविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. पहाटे चारला उठून डबा, पाचला गाडी, रुग्णालयात दिवसभर स्टुलावर, परत येऊन धाकटीचा अभ्यास. तिला मी “मुलाला फिरवून आण” असे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणे. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त. आई देते, आजी देते. १९९४ च्या कायद्यात २०११ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक धरले जातात. म्हणजे पुढे मागे आपले मूत्रपिंडही बहुधा ही बाईच देणार. तिची ताकद आपण आतापासूनच का संपवायची?

खर्चाची चौकशी पुष्कळजणी करतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारावे. मोठ्या माणसांसाठी पनवेल, कामोठे, नवी मुंबई इकडे डायलिसिसच्या सोयी झाल्या आहेत. पण मुलांच्या गाळण्या आणि नळ्या लहान मापाच्या लागतात, हात सरावलेले लागतात. त्यासाठी अजून परळच्या १९२९ सालच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या ठिकाणी मुंबईसच जावे लागते. आपल्या भागात मुलांसाठी सोय झाली तर आठवड्याचे बारा तास वाचतील. ते बारा तास खेळाचे आहेत, असे मी तरी धरते.

शाळेविषयीही बोलते. शाळा कोणती ते सांगत नाही. तिथे त्याला तीन वर्षे खेळाच्या तासाला वर्गातच बसवून ठेवीत. दोष देण्याचा मला अधिकार नाही, मीही तेच केले होते. डॉक्टरांकडून आम्ही मराठीत एक चिठ्ठी लिहून घेतली. काय चालेल, काय नको, काय झाले तर कोणाला फोन करायचा. खेळाच्या शिक्षकांनी ती वाचली आणि म्हणाले, “बाई, हे आधी कोणी सांगितलेच नाही. आम्हांला वाटले, हात लावला तर काही होईल.” आता तो लंगडीच्या संघात आहे. बाद लवकर होतो, पण बाद होण्याचा मानही त्याला पहिल्यांदाच मिळाला.

गेल्या आठ महिन्यांत काय झाले? चमत्कार झाला नाही. आजार आहे तिथेच आहे, डायलिसिसही आहे. मधे पंधरा दिवस तापात गेले आणि पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करावी लागली. तेव्हा तो चिडला, मीही खचले. पण तो आता वडाळे तलावाच्या काठाने न थांबता फिरून येतो. घराचे दोन जिने कठडा न धरता चढतो. भूक थोडी सुधारली असे त्याची आई म्हणते. गाडीत झोपून न जाता खिडकीत उभा राहण्याचा हट्ट करतो, आणि त्याबद्दल मार खाता खाता वाचतो. इतकेच.

यंदाच्या बालमेळाव्यात लिंबू-चमच्याची शर्यत आहेच. त्याचे नाव यादीत सातवे आहे. त्याच्या डाव्या हाताला जाड कापडाची सैल बाही शिवली आहे, आणि मुलांना सांगून ठेवले आहे की त्या बाजूने धक्का द्यायचा नाही. मी पंचांच्या टेबलाशी असेन, पण कोणाचाही हात धरून बाहेर काढणार नाही. कंपासपेटी अजून माझ्या कपाटात आहे.

आता एक काम. त्याचे डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी सकाळी साडेसहा वाजता तो तलावावर फिरावयास जातो. आजवर मी नेत असे, पण माझे गुडघे आता कुरकुरतात आणि त्याचा वेग वाढला आहे. मला तीन बायका हव्या आहेत, प्रत्येकीने एक दिवस घ्यावा. त्याच्याबरोबर चालावे, फोन जवळ ठेवावा, पिशवीत केळे ठेवू नये. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेन दोरीने बांधले आहे. जाताना नावे लिहा.